वरदायिनीच्या कोंडातील मासे

मुंबई–गोवा महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाच्या लेखी महाड हे चहापाण्याचे आणि पोलादपूर हे महाबळेश्वराकडे वळण्याचे ठिकाण असते. महाडात उतरणाऱ्यांची पावले रायगडाकडे वळतात, शिवथरघळीकडे वळतात, गांधारपाल्याच्या लेण्यांकडे वळतात. शहरातच चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे ओंजळभर पाणी उचलले आणि पाणी कोणाचे, हा प्रश्न साऱ्या देशापुढे ठेवला. इतकी मोठी नावे एका तालुक्यात एकवटल्यावर एका नदीतील डोहाकडे कोण कशाला वळेल? तरीही महाडहून बिरवाडीच्या बाजूने सुमारे वीस किलोमीटर आत गेले, की काळ नदीच्या पात्रात वाळण कोंड नावाचे एक स्थान लागते, आणि ते पाहिल्यावाचून हा मुलूख पुरता पाहिला असे म्हणता येत नाही.

कोकणात ‘कोंड’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. दहा-वीस घरांच्या वाडीलाही कोंड म्हणतात आणि नदीच्या पात्रातील खोल डोहालाही. वाळणला दोन्ही अर्थ लागू पडावेत असे एकूण चित्र आहे. काळ्या कातळातून नदीने स्वतःची वाट कोरून काढली आहे. पावसाळी पाण्यासोबत गरगरणाऱ्या गोट्यांनी खडकात रांजणखळगे पाडले आहेत आणि त्या खडकांच्या मध्ये पाणी एकदम खोल, गडद हिरवे होऊन थांबते. काठावर वरदायिनी देवीचे ठाणे आहे. कोंडावरून झुलता पूल गेला आहे. त्या पुलावर उभे राहून मूठभर कुरमुरे खाली टाकले, की पाण्याचा रंग हलतो. आधी बोटाएवढी पिल्ले वर येतात, मग वीतभर लांबीचे मासे, आणि कुरमुरे संपता संपता हाताएवढे, जाड खवल्यांचे, संथ हालचालींचे मोठे मासे खालच्या अंधारातून वर येऊन पुन्हा खाली जातात. मासे थराथराने राहतात आणि सर्वांत खालच्या थरातील फार मोठे मासे कधीतरीच दर्शन देतात, असे गावात सांगितले जाते.

हे मासे कोणी धरीत नाही. ते देवीचे आहेत. पंचक्रोशीतील जी घरे एरवी मासळीवर जेवतात, तीही या टप्प्यात गळ टाकीत नाहीत. आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही, कारण घरात मासळी न येणे हीच आपली रीत. परंतु येथे नवल आहे ते नेमके यात, की न धरणारी माणसे शाकाहारी नाहीत. ज्याला माशाची चव माहीत आहे, ज्याच्या घरामागून नदी वाहते आणि ज्याच्या खुंटीला जाळे टांगलेले आहे, त्याने या ठरावीक टप्प्यात हात आवरावा, यातील संयम आपल्या संयमापेक्षा अवघड जातीचा आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

कोंडातील हे मासे महसीर गणातील आहेत. खवले इतके मोठे, की एकेक खवला वेगळा मोजता यावा. ओठ जाड, मिशांसारखे चार तंतू, अंगावर सोनेरी-तांबूस झाक. वाहत्या, स्वच्छ, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात हा मासा राहतो. फळे, किडे, शंख-शिंपले असे मिळेल ते खातो. उन्हाळ्यात नदी आटली की खोल डोहात मुक्काम करतो आणि पावसाचे पाणी चढले की विणीसाठी प्रवाहाच्या उलट दिशेने वर निघतो. शेततळ्यांतल्या माशांच्या मानाने त्याची अंडी थोडी असतात. त्यामुळे एका डोहातले मोठे मासे एकदा संपले, की ती तूट भरून यायला अनेक वर्षे लागतात. व्यापारी भाषेत सांगायचे, तर मुद्दल मोठे आणि व्याज अगदी बेताचे, असा हा मासा आहे. मुद्दलाला हात लागला की खाते बंद.

दख्खनच्या महसीरांचा शास्त्राला परिचय करून दिला तो कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या पाण्यात मिळालेल्या माशांचे वर्णन त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले आणि नावे देताना इथल्या लोकांच्या तोंडची मराठी नावेच लॅटिन साच्यात बसवली. ‘खुद्री’ आणि ‘मसुल्ला’ हे शब्द त्यामुळे जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आजही आहेत. या गणातील जाती नेमक्या किती आणि कोणत्या नदीतील मासा कोणत्या नावाचा, यावर तज्ज्ञांत अजूनही वाद चालू आहेत.

नदी बदलली की मासा बदलतो, याचे कारण पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर जाताना डोळ्यांसमोर उलगडत जाते. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव याच परिसरात आहे, प्रतापगड याच वाटेवर आहे, आणि घाट चढून गेले की महाबळेश्वराचे पठार. तेथे ज्या पाच नद्यांचा उगम सांगितला जातो, त्यांतील सावित्री पश्चिमेकडे उडी घेते. तेराशे मीटरहून अधिक उंचीवरून निघून पोलादपूर, महाड, दासगाव करीत ती सुमारे शंभर किलोमीटरच्या आत बाणकोटला समुद्राला मिळते. तिच्याच शेजारी जन्मलेली कृष्णा मात्र पूर्वेकडे वळते आणि चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला भेटते. जन्मस्थानी हाकेच्या अंतरावर असलेल्या या दोन नद्यांतील मासे एकमेकांना कधीही भेटत नाहीत. मधली सह्याद्रीची धार माणसाला घाट वाटते, माशाला ती पृथ्वीच्या दोन टोकांइतकी लांब असते. काळ नदी ही सावित्रीच्याच परिवारातली. रायगड आणि लिंगाणा यांच्यामधल्या दरीतून ती खाली येते आणि महाडच्या परिसरात सावित्रीला मिळते.

पाण्यातील प्राणी असा एखाद्या ठिकाणी कोंडला गेला, की काय घडते, याची जगातील सर्वांत बोलकी उदाहरणे ज्वालामुखीच्या विवरांत साचलेल्या तळ्यांत सापडतात. आपल्याकडे विवर म्हटले की लोणार आठवते. पण ते उल्केच्या आघाताने झालेले, आणि त्याचे पाणी इतके अल्कधर्मी, की त्याची ख्याती सूक्ष्मजीवांसाठी आहे, माशांसाठी नव्हे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात अपोयो नावाचे गोड्या पाण्याचे विवर-तळे आहे. क्षेत्र सुमारे वीस चौरस किलोमीटर, वय तेवीस हजार वर्षांहून कमी. भूगर्भाच्या हिशेबात हे काल परवाचे. त्या तळ्यात ‘सिक्लिड’ कुळातील एक सडपातळ, बाणासारखा मासा आहे, आणि तो पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कोठेही नाही. बाहेरून आलेल्या एकाच पूर्वजापासून तो त्याच तळ्यात वेगळा झाला, असे २००६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. आफ्रिकेत कॅमेरून देशातील बारोम्बी म्बो हे तळे तर त्याहून लहान, जेमतेम अडीच किलोमीटर व्यासाचे. त्यात सिक्लिडांच्या अकरा जाती अशा आहेत, की त्यांचे सारे जग म्हणजे ते एक तळे.

सिक्लिड हे नाव परके वाटले, तरी कुळ आपल्या ओळखीचे आहे. गोव्यातील आणि सिंधुदुर्गातील खाड्यांमधला कालुंदर मासा याच कुळातला. उजनीसारख्या जलाशयांत भरभरून मिळणारी चिलापी, म्हणजे टिलापिया, हीही याच कुळातली. परंतु ती इथली नव्हे. आफ्रिकेतून ती भारतात १९५२ मध्ये आणली गेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्ले धोका दिसताच आईच्या तोंडात शिरतात, आणि त्यामुळे जेथे जाईल तेथे ती झपाट्याने वाढते. अपोयो तळ्यात १९९० च्या दशकात टिलापिया पाळण्यासाठी पिंजरे सोडले गेले. त्यातून निसटलेल्या माशांनी तळाशी वाढणारी पाणवनस्पती फस्त केली, आणि मूळच्या माशांचा आसराच गेला. एकाच कुळातले दोन मासे, पण एक घरचा आणि एक पाहुणा. त्या पाहुण्याला परत जाण्याची वाट नाही आणि घरच्याला जायला दुसरे घर नाही.

महाराष्ट्रात विवर-तळ्यातील सिक्लिड नाही, पण एकाच जागेचा मासा आहे. सावंतवाडी तालुक्यात आंबोलीला, हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी महादेवाचे मंदिर आहे. त्या मंदिराच्या कुंडात बोटभरही लांबी नसलेला, तळाशी दगडांच्या आडोशाने राहणारा एक पट्टेदार मासा संशोधकांना आढळला आणि २०२० मध्ये त्याला ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ असे नाव मिळाले. पुढल्याच वर्षी राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. एका लहानशा माशासाठी मंदिराचे कुंड सरकारी कागदावर आले, ही घटना लहान नाही. ज्या पायरीवर यात्रेकरू पाय धुतात, तिच्याखाली जगात अन्यत्र नसलेला जीव आहे, हे त्या दिवसापर्यंत कोणाच्याही गावी नव्हते.

वाळण कोंडाचा मासा असा एकाच जागेचा नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. महसीर सह्याद्रीच्या इतर नद्यांतही आहे. तरीही वाळणला गेल्यावर अपोयोची आठवण यावी, असे काहीतरी त्या डोहात आहे. विवर-तळ्याभोवती ज्वालामुखीने दगडाची भिंत उभी केलेली असते. मासा बाहेर जात नाही आणि बाहेरचा सहसा आत येत नाही. वाळणच्या माशांभोवती अशी भिंत नाही. डोहाच्या वर नदी आहे, खाली नदी आहे, दोन्ही दिशा मोकळ्या आहेत. त्यांच्याभोवती उभी आहे ती केवळ माणसांनी देवीला दिलेल्या शब्दाची भिंत. त्या अदृश्य रेषेच्या आत मासा देवाचा, आणि रेषा ओलांडली की तोच मासा बाजाराचा. नदीत रेषा आखलेली नाही, फलकावर लांबी-रुंदी नोंदलेली नाही, पण गावातील लहान मुलालाही ती कोठून कोठपर्यंत आहे हे ठाऊक असते.

अशा शब्दांवर उभ्या असलेल्या जागा आपल्या देशात आणखीही आहेत. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराचे मासे असेच राखलेले आहेत. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर भाविक आणि मासे एकाच पायरीवर भेटतात. इतिहासात मागे गेलो, तर आचार्य हीरविजयसूरी अकबराच्या निमंत्रणावरून फत्तेपूर सिक्रीला गेले, त्या वेळचा प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. १५८३ च्या सुमाराची ही गोष्ट. पर्युषणातील अमारीच्या फर्मानासोबत तेथील डाबर तलावातील मासेमारी थांबवल्याचाही उल्लेख येतो. बादशहाने एका तलावावर हुकूम दिला, वाळणच्या गावकऱ्यांना मात्र हुकूम कोणी दिलेला नाही. ज्यांच्या मंदिरात अष्टमंगलातील मीनयुगल रोज दृष्टीस पडते, त्यांनी हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

शब्दाची भिंत किती पक्की आणि किती कच्ची, याचा पुरावा कर्नाटकातील शिशिल येथे आहे. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील हे गाव. शिशिलेश्वराच्या मंदिराजवळून कपिला नदी वाहते आणि तिच्यातील महसीर तेथे पिढ्यान्‌पिढ्या पूज्य. १९९६ मध्ये कोणीतरी पाण्यात विष कालवले. हजारो मासे मरून वर आले. गावाने त्या माशांचे स्मारक उभारले, आणि ते आजही तेथे उभे आहे. माणसांची स्मारके पुष्कळ आहेत, माशांचे स्मारक पाहायला मात्र शिशिललाच जावे लागते. पुढे तेथे मासे पुन्हा वाढले, ही समाधानाची गोष्ट. पण डोह राखायला शेकडो माणसांचा शेकडो वर्षांचा संयम लागतो आणि रिता करायला एका माणसाची एक रात्र पुरते, हा हिशेब कोणत्याही पेढीवरच्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

कोकणातील नद्यांना हा धोका परका नाही. उन्हाळ्यात पाणी डोहापुरते उरले, की सुरुंगाचा बार उडवून किंवा ब्लीचिंग पावडर ओतून मासे मारण्याचे प्रकार घडतात. मोठ्या माशांसोबत पिल्ले, अंडी, खेकडे, बेडूक सारेच संपते. विशेष म्हणजे स्फोटके आणि विष वापरून मासेमारी करण्यावरील बंदी आजकालची नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यातच ती आहे. सव्वाशे वर्षांचा कायदा जे सर्वत्र साधू शकला नाही, ते वाळणला देवीच्या नावाने साधले आहे. कायद्याला साक्षीदार लागतो आणि रात्री नदीवर साक्षीदार नसतो. देवीच्या बाबतीत साक्षीदार सदैव हजर असल्याची भावना असते, एवढाच काय तो फरक.

तथापि खरी अडचण चोरट्या मासेमारीच्या पुढची आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मृगाच्या सरी कोसळल्या आणि नद्यांना तांबडे पाणी आले, की रायगड जिल्ह्यात वलगणीचे दिवस सुरू होतात. अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्या-नाल्यांत, कधी शेताच्या बांधापर्यंत चढतात, आणि माणसे जाळी, टोपल्या घेऊन वाटेवर उभी राहतात. महसीरालाही विणीसाठी वर जावेच लागते. म्हणजे आठ महिने ज्याला अभय आहे, तोच मासा वंश वाढवण्याच्या नेमक्या वेळी त्या अभयाच्या रेषेबाहेर असतो. शिवाय वरच्या बाजूला एखादा बंधारा पडला, खालच्या बाजूला रेती उपसली गेली, काठावरची झाडे तुटून गाळ पात्रात उतरला, तर कोंडात एकही गळ न पडता कोंड ओसाड होऊ शकतो. तिजोरीला कुलूप आहे, पण तिजोरीत जमा होणारी आवक दुसऱ्याच्या हातात आहे, असा हा व्यवहार आहे.

या भागातील डोंगरही आता पूर्वीसारखे स्थिर राहिलेले नाहीत. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये महाड-पोलादपूरने जे सोसले, ते येथील प्रत्येक व्यापारी कुटुंबाला माहीत आहे. २०२१ च्या २२ जुलैला तळिये गावावर दरड आली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही माणसे गाडली गेली, आणि त्याच सुमारास महाडच्या बाजारपेठेत दुकानांच्या छतापर्यंत पाणी चढले. धान्याची पोती, कापडाचे गठ्ठे, वह्या-खतावण्या चिखलात गेल्या. त्या पाण्याला काळ नदीचाही हातभार असतो. नदीला तिची जागा मिळाली नाही, तर ती कोणाची जागा घेते, याचा अनुभव घेतलेल्या शहराने वरच्या खोऱ्यातील डोह, कातळ आणि काठाची झाडे यांच्याकडे केवळ भाविकतेने पाहून भागणार नाही. बिरवाडीजवळची औद्योगिक वसाहत आणि तेथील रासायनिक कारखाने नदीच्या खालच्या अंगाला आहेत. वाळणचा कोंड त्यांच्या वर आहे, हे त्या माशांचे भाग्य.

येथे आपल्या समाजाशी थेट निगडित अशी एक गोष्ट आहे. जीवदयेच्या भावनेने कोळ्याकडून जिवंत मासे सोडवून घेऊन जवळच्या तलावात किंवा नदीत सोडण्याची प्रथा कोठे कोठे आहे. भावना निर्मळ आहे, परंतु कोणता मासा कोणत्या पाण्यात, हे पाहिल्यावाचून केलेली ही कृती उलटू शकते. याचे उदाहरण महसीराच्याच इतिहासात आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात दख्खनच्या महसीराची कृत्रिम वीण यशस्वी केली. दुर्मीळ होत चाललेल्या माशाची लाखो पिल्ले जन्माला आली आणि देशातील निरनिराळ्या नद्यांना, तलावांना पाठवली गेली. काम मोठे होते आणि हेतूही मोठा. यांतील काही मासे कावेरीत सोडले गेले. कावेरीत मात्र पाठीवर उंचवटा असलेला, केशरी परांचा महसीर मुळातच होता, आणि तो अन्य कोणत्याही नदीच्या खोऱ्यात नव्हता. पाहुणा तेथे इतका रुजला, की घरचा मासा दुर्मीळ होत गेला. आज कावेरीचा तो महसीर अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च हा मोठा मासा सोडल्यावर सिक्लिडांच्या दोनशेच्या आसपास जाती नाहीशा झाल्याचा अंदाज आहे. प्रमाण वेगळे, गोष्ट तीच.

म्हणून वाळण कोंडात बाहेरचा एकही मासा, घरातील काचपेटीतला सोनेरी मासासुद्धा, सोडू नये. आंबोलीच्या कुंडातही नाही. सोडवलेल्या जीवाला त्याच्याच पाण्यात परत नेता येत असेल तरच ती सुटका, अन्यथा एकाच्या अभयात दुसऱ्याची हिंसा दडलेली असते. आपल्या आचारधर्मात ‘यतना’ या शब्दाला जे महत्त्व आहे, ते येथे उपयोगी पडावे.

खाऊ घालण्याचेही तसेच. मूठभर कुरमुरे ठीक. परंतु सुट्टीच्या दिवशी शंभर माणसांनी शंभर मुठी टाकल्या, त्यात फरसाण, बिस्किटे, तळलेले पदार्थ आले, तर ते स्थिर पाण्यात कुजते. उन्हाळ्यात प्रवाह मंदावल्यावर डोहाला ते सोसत नाही. कुरमुऱ्यांची पिशवी पुलावरून खाली उडाली, की ती खडकाच्या कपारीत वर्षभर अडकून राहते. फलाहारी, किडेखाऊ माशाला कुरमुऱ्यांची गरज नाही. गरज पाहणाऱ्याला आहे, आणि ती थोडक्यात भागते.

प्रश्न राहतो तो कागदाचा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. आंबोलीला वारसा स्थळाचा दर्जा मिळाला तो याच कायद्यान्वये. वाळणसारख्या ठिकाणी कोंडाच्या सीमा, माशांची विणीची वाट, वरचे ओढे, उन्हाळ्यातील पाण्याची पातळी या बाबी अशा नोंदवहीत उतरल्या, तर गावाच्या शब्दाला कागदाचे बळ मिळेल. याला दुसरी बाजूही आहे. कागदासोबत कार्यालय येते, कार्यालयासोबत फलक आणि वाहनतळ येतो, आणि मग रेषा राखण्याची जबाबदारी आपली नसून सरकारची आहे, असे गावाला वाटू लागण्याचा संभव असतो. ज्येष्ठांनी तोंडी व्यवहारावर पेढ्या चालवल्या आणि पुढच्या पिढीने करारपत्रे केली, तेव्हा आपल्याकडेही काही मिळाले आणि काही गेले. तरीही मुले मुंबई-पुण्याला गेलेल्या गावात शब्द राखणारे हात कमी होत जाणार असतील, तर नोंद झालेली बरी. ती नोंद गावाने स्वतःच्या हाताने करावी, एवढेच पथ्य पाळावे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. चातुर्मास उतरल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतर फाल्गुनापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पाणी निवळलेले असते, प्रवाह चालू असतो आणि पुलावरून तळापर्यंत नजर जाते. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना वीर स्थानक जवळ पडते. रस्त्याने येणाऱ्यांनी महाडला थांबून पुढे निघावे. सकाळी लवकर गेले, तर दुपारच्या आत परतून पोलादपूरमार्गे उमरठ आणि प्रतापगडाचा पायथा गाठता येतो, आणि सूर्यास्ताआधी भोजन उरकण्याइतका वेळही हाती राहतो. कोंडात उतरू नये. कातळ निसरडा आहे आणि खोली वरून समजत नाही. देवीच्या ठाण्यापाशी पादत्राणे काढण्याची रीत आहे, ती पाळावी. गावातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलावे. कोणत्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत मासा देवीचा, हे तो हात लांब करून दाखवतो.

जूनमध्ये मात्र तेथे काही दिसत नाही. पहिले तांबडे पाणी आले, की रांजणखळगे बुडतात, कोंड आणि नदी यांच्यातील फरक पुसला जातो आणि दाखवण्याचे ते दोन्ही दगड पाण्याखाली जातात. मासे तेव्हा वरच्या ओढ्यांच्या वाटेला लागलेले असतात.